सुरकुतलेली पानं, कुजलेली मुळं: फॅलेनॉप्सिस ऑर्किड परत उभं करताना

फॅलेनॉप्सिसची पानं लोळायला लागली, त्यांच्यावर उभ्या सुरकुत्या दिसू लागल्या की बहुतेक घरांत एकच उपाय होतो: पाणी वाढवायचं. पान तहानलेलं असतं हे खरं. पण कुंडीत पाणी नसल्यामुळेच ते तहानलेलं आहे, असं मात्र नसतं. पाणी भरपूर आहे आणि ते वर पोचवणारी मुळंच उरलेली नाहीत, ही स्थिती घरात ठेवलेल्या झाडांत सारखी बघायला मिळते. मुळं वाळून गेली तरी पान सुरकुततं आणि पाण्यात बसून कुजली तरी सुरकुततं; वरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून पान बघून उपचार ठरवायचा नाही. झाड कुंडीतून बाहेर काढायचं आणि मुळं बघायची. नेमकं हेच करायला लोक कचरतात, आणि तोवर उरलीसुरली मुळंही जातात.

इथे नजरेसमोर आहे ते झाड कोल्हापुरातल्याच एका फ्लॅटमधून मे महिन्यात हाती आलं. फुलं असताना भेट मिळालेलं, फुलं गळाल्यावर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात राहिलेलं. पाच पानं, खालची दोन पिवळसर, वरची तीन हिरवी, पण बोटांत धरून वाकवली तर कसलाच विरोध न करणारी. निरोगी फॅलेनॉप्सिसचं पान जाड आणि ताठ असतं, जबरदस्तीनं दुमडलं तर कडकन मोडतं. हे पान घडी घालून ठेवता आलं असतं. शेंडा मात्र घट्ट होता. मधल्या कोवळ्या पानाला हलकेच ओढून बघायचं, ते हातात आलं नाही तर झाडाला आशा आहे. मधलं पानच निघून आलं आणि त्याचं बूड तपकिरी, ओलं असेल तर शेंडा कुजलेला आहे. फॅलेनॉप्सिसला वाढीचं टोक एकच असतं, त्यामुळे पुढची सगळी मेहनत बुडाकडून एखादं पिल्लू फुटण्याच्या भरवशावर करावी लागते. तसं फुटतं कधी कधी, पण त्यावर विसंबून राहता येत नाही.

बाहेरची चिनी मातीची शोभेची कुंडी आधी काढली. तिला खाली भोक नसतं, आणि तळाशी दोन बोटं शिळं पाणी साठलेलं असतं. याही झाडाच्या कुंडीत होतं. आत पारदर्शक प्लास्टिकची कुंडी, तिच्यात स्फॅग्नम मॉस, म्हणजे ऑर्किड लावायला वापरतात ते वाळवलेलं शेवाळ, ठासून भरलेलं. वरचा थर हाताला कोरडा लागत होता, पण मुळांचा गोळा बाहेर काढून मधोमध बोट घातलं तर चिखल. प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं लहान असताना ज्या मॉसच्या किंवा स्पंजच्या गुंडाळीत लावतात, ती गुंडाळी विकायच्या कुंडीत तशीच मध्ये राहून जाते. नर्सरीच्या पॉलिहाउसमध्ये पाणी, वारा, तापमान सगळं मोजूनमापून असतं, तिथे ती खपून जाते. घरात तो गाभा आठवडेच्या आठवडे सुकत नाही. वरचं मॉस कोरडं दिसतं म्हणून आपण पाणी घालत राहतो आणि आतली मुळं गुदमरतात. नवीन आणलेल्या फॅलेनॉप्सिसची फुलं संपली की पहिलं काम हा गाभा काढणं. एवढं वेळेवर झालं तर पुढचा हा सगळा खटाटोप करावा लागत नाही.

गोळा साध्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवला म्हणजे मॉस सैल होतं. मग नळाच्या बारीक धारेखाली धरून बोटांनीच सोडवायचं. चिमट्यानं किंवा सुरीच्या टोकानं उकरलं की धड मुळंही सोलवटतात. एखादा तुकडा मुळाला घट्ट धरून बसला असेल तर तो राहू द्यावा.

मुळं धुतल्याशिवाय त्यांची पारख करायची नाही, कारण मॉसच्या रंगानं धड मुळंही तपकिरी दिसतात. रंगापेक्षा बोटाला काय लागतं ते महत्त्वाचं. प्रत्येक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून बुडापासून टोकापर्यंत हळू दाबत न्यायचं. जिवंत मूळ टणक लागतं. कोरडं असताना चंदेरी आणि पाण्यानं भिजलं की काही मिनिटांत हिरवट होतं. कुंडीच्या आत, उजेड न मिळालेलं मूळ पिवळसर किंवा फिकट राहतं. टणक असेल तर तेही चांगलंच. वाळून मेलेलं मूळ पोकळ, कागदी लागतं आणि भिजवलं तरी रंग बदलत नाही. कुजलेलं मूळ दाबताच त्यातून तपकिरी पाणी येतं, आणि वरचा थर, भिजवलेल्या बदामाचं साल निसटावं तसा, अख्खा हातात येतो. मागे उरतो तो दोऱ्याएवढा चिवट तंतू. तो थर म्हणजे व्हेलामेन, मेलेल्या पेशींचं सच्छिद्र आवरण. ते पाणी पटकन शोषून धरून ठेवतं. मधला तंतू ते पाणी वर नेतो. व्हेलामेन गेलं की मुळाचं पाणी धरून ठेवण्याचं काम संपलं, मग तंतू कितीही चिवट असो.

या झाडाला टणक म्हणावीत अशी मुळं दोनच निघाली. एक बोटभर लांबीचं, दुसरं कुंडीबाहेर हवेत लोंबणारं, सुरकुतलेलं पण जिवंत. बाकी सगळी गेलेली.

मुळं कुजतात याचा दोष एकट्या पाण्याला देऊन चालत नाही. जंगलात ही मुळं झाडाच्या सालीवर उघडी असतात, धो धो पावसात भिजतात आणि तासाभरात वाऱ्यानं कोरडी होतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. ठासलेल्या मॉसमध्ये हवेच्या पोकळ्या पाण्यानं भरून जातात, प्राणवायू संपतो, मुळाच्या पेशी मरतात आणि मेलेल्या भागावर बुरशी चढते. म्हणजे बुरशी बहुतेक वेळा मागून येते. म्हणूनच नुसतं बुरशीनाशक ओतून झाड सुधारत नाही. ज्या कोंदट जागेनं मूळ मेलं ती बदलावी लागते.

कोल्हापूरकरांचा इथे आणखी एक गोंधळ होतो. राधानगरी, आंबा घाटाकडच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर डेंड्रोबियम, एरिडिस ही जंगली ऑर्किडं बघितलेली असतात. ती जून ते सप्टेंबर पावसात न्हातात आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत कोरडी राहूनही तगतात. त्यावरून ऑर्किडला पाणी लागतच नाही असा समज होतो. पण तिथल्या डेंड्रोबियमच्या जाड खोडात पाण्याचा साठा असतो, कित्येक जाती तर पानं गाळून उन्हाळा काढतात. फॅलेनॉप्सिस मूळचं फिलिपिन्स, इंडोनेशिया अशा भागांतलं, जिथे हवा बारा महिने ओलसर असते. त्याला साठ्याचं जाड खोड नाही. जो काही साठा आहे तो पानांत आणि मुळांत. मुळं गेली की झाड पानांतला साठा खायला लागतं. सुरकुत्या पडतात त्या त्यामुळे. हे लक्षात आलं की सुरकुतलेलं पान कापून टाकायची चूक होत नाही. पान कितीही केविलवाणं दिसो, हिरवं आहे तोवर झाडाची शिदोरी तेच आहे. पिवळं पडलेलं पानसुद्धा पूर्ण वाळून आपोआप सुटेपर्यंत ठेवावं. झाड त्यातून उरलेलं पाणी आणि अन्न काढून घेत असतं.

कापणीला कात्री किंवा नवीन ब्लेड घ्यावं. गॅसवर लाल होईपर्यंत तापवून गार करावं, आणि दुसऱ्या झाडाला लावण्याआधी पुन्हा तसंच करावं. विषाणूजन्य रोग पात्यावरच्या रसातून पसरतात आणि त्यांना औषध नाही. कुजलेलं मूळ टणक, पांढरा छेद दिसेपर्यंत कापत जायचं. अर्धं मूळ चांगलं असेल तर अर्धं ठेवायचं. दोन सेंटिमीटरचा जिवंत तुकडाही मोलाचा. पोकळ, वाळलेली मुळं काढून टाकली तरी चालतं, पण झाडाला बूडच उरत नसेल तर एक-दोन चिवट तंतू आधारासाठी ठेवावेत, पुढे मॉसमध्ये झाड हलत नाही. खोडाचा खालचा भाग तपकिरी, वाळका असेल तर पातळ चकत्या काढत हिरवट-पांढरा छेद येईपर्यंत जावं. या झाडाला तसा सेंटिमीटरभर बुडखा कापावा लागला. फुलांचा दांडा राहिला असेल तर तो बुडाशी सेंटिमीटरभर ठेवून छाटायचा. त्यावर फुलं असली तरी. इथे जीव कळवळतो खरा, पण फुलं पानांतलंच पाणी ओढतात, आणि कापलेला दांडा फुलदाणीत कितीतरी दिवस छान राहतो.

कापल्यावर बुरशीनाशकात बुडवणं चांगलं. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के अशी जोड असलेली पूड मिळते. ‘साफ’ हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. लिटरला २ ग्रॅम, मुळं आणि बूड दहा मिनिटं. नुसतं कार्बेन्डाझिम घेऊ नये, कारण पिथियम आणि फायटोफ्थोरा या पाणथळ जागेत माजणाऱ्या बुरशीसारख्या रोगजंतूंवर ते चालत नाही. मॅन्कोझेबची जोड त्यासाठी हवी. तांब्याची औषधं काही ऑर्किडना, विशेषतः डेंड्रोबियमना, सोसत नाहीत, म्हणून ती टाळलेली बरी. हातमोजे घालावेत, नाका-तोंडावर मास्क असावा, भांडं स्वयंपाकघरातलं नसावं आणि उरलेलं द्रावण मोरीत ओतू नये.

दालचिनीची पूड घरोघरी सांगितली जाते. ती जखम कोरडी करते हे खरं, पण याच गुणामुळे ती जिवंत मुळावर पडली तर मूळही कोरडं करते. बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन फक्त छेदाला टेकवावी, शिंपडू नये. हळदीचंही तसंच, ओली झाली की गोळा होऊन बसते, आमच्या अनुभवात तिचा विशेष उपयोग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसतं म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं, पण ते सडकं आणि धड यांत भेद करत नाही. नव्या मुळाच्या कोवळ्या टोकाचं त्यानं नुकसान होतं. साखरपाणी, मधाचं पाणी यांनी बुरशीलाच खाऊ मिळतं. आणि पानांवर दिवसभर फवारे मारून पान फुगत नाही. पानावर मेणाचा जाड थर आहे, त्यातून पाणी जवळपास आत जातच नाही. उलट शेंड्यात थेंब साठून तो कुजण्याची पाळी येते.

औषधातून काढल्यावर झाड सावलीत रात्रभर मोकळं ठेवलं की छेद सुकतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चार-पाच तास पुरतात, जुलैत पूर्ण दिवस लागतो.

आता कळीचा प्रश्न: दोन मुळांच्या जोरावर पाच पानं कशी जगवायची? हिशेब सरळ आहे. मुळं पाणी किती आत घेतात ते आपल्याला लगेच वाढवता येत नाही, पण पानांतून बाहेर किती जातं ते कमी करता येतं. म्हणजे झाडाभोवतीची हवा दमट करायची. फॅलेनॉप्सिस पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, त्यामुळे रात्रीची दमट हवा तर फारच महत्त्वाची. दिवसा दोनदा फवारा मारून रात्री झाड पंख्याखाली ठेवलं तर काही साधत नाही.

टणक मुळं चार-पाच असतील तर इतकं सगळं लागत नाही. मुळांच्या मापाची, पानांच्या नव्हे, छोटी कुंडी घेऊन भरड माध्यमात (कोळसा, सोडण यांचं, कृती पुढे आहे) लावावं आणि सावलीत ठेवावं. याहून कमी मुळं असतील किंवा एकही नसेल तर झाकणाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, झाड आडवं न दाबता मावेल एवढा. मोठी पारदर्शक पिशवीही चालते. तळाला चांगल्या प्रतीचं, लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस, दोन-तीन बोटं जाड. ते दाबलेल्या वडीच्या रूपात मिळतं, पाण्यात फुगून बरंच होतं, त्यामुळे थोडंच भिजवावं. मग मुठीत घेऊन जोर लावून पिळायचं. थेंब गळायचे थांबले आणि हाताला गार ओल लागत राहिली की बरोबर. गळत असेल तर पुन्हा पिळायचं. सगळ्या पद्धतीचं यश या पिळण्यात आहे, कारण डब्यातून ओल बाहेर जात नाही आणि एकदा जास्त झालेलं पाणी आठवडे तसंच राहतं.

कोकोपीट इथे चालत नाही. त्याचे कण बारीक, हवा राहत नाही. पावसाळ्यात भिंतीवर, कौलांवर येणारं हिरवं शेवाळही स्फॅग्नमला पर्याय नाही. ते लवकर कुजतं आणि त्याच्यातून गोगलगाईची अंडी घरात येतात. जंगलातलं शेवाळ ओरबाडून आणणं तर मुळीच नको.

झाड डब्यात ठेवताना जिवंत मुळं मॉसवर टेकवायची, बूड मात्र मॉसच्या किंचित वर राहिलं पाहिजे. बूड मॉसमध्ये पुरलं की छेद पुन्हा कुजतो. मुळांना ओल बुडाजवळच्या हवेतून कळते, नवं मूळ त्या दिशेनं स्वतः उतरतं. पानं प्लास्टिकला चिकटू द्यायची नाहीत, तिथे पाणी साठून काळे डाग पडतात. डबा भरपूर उजेडात, पण उन्हाचा एकही कवडसा येणार नाही अशा जागी. पूर्वेची खिडकी असेल तर पडद्याआड. बंद डब्यावर अर्धा तास ऊन आलं तरी आत झाड शिजतं, ही अतिशयोक्ती नाही. उजेड पुरेसा आहे का हे बघायला डब्यावर हात धरावा. सावली पुसट कडांची, पण दिसण्याजोगी हवी. अंधारात ठेवलेलं झाड सुकत नाही, पण मूळही काढत नाही.

रोज सकाळी झाकण दहा मिनिटं उघडायचं. एवढ्यात वास घ्यायचा. ओल्या मातीचा वास ठीक. आंबूस वास आला की कुठेतरी कूज राहून गेली आहे, झाड काढून छेद पुन्हा तपासायचे. मॉसवर पांढरी लव आली तर तेवढं मॉस काढून टाकून झाकण किंचित तिरकं ठेवायचं. पानावर पाणी भरल्यासारखा अर्धपारदर्शक ठिपका दिसला आणि दुसऱ्या दिवशी तो पसरला, दुर्गंधी आली, तर ती जिवाणूंची कूज आहे. तिच्यावर वरचं बुरशीनाशक चालत नाही. ठिपक्याच्या पलीकडे दोन सेंटिमीटर निरोगी भागासकट कापायचं, झाड डब्याबाहेर काढून कोरड्या वाऱ्यात ठेवायचं आणि डबा साबणानं धुवायचा. अशा वेळी तहानेपेक्षा कूज लवकर मारते.

डब्याची गरज ऋतूप्रमाणे बदलते, आणि कोल्हापुरात हा फरक ठळक आहे. मार्च ते मे दुपारची हवा कोरडी आणि गरम, वळीव येऊन गेला तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गत. तेव्हा बंद डबा हवाच, आणि तो घरातल्या सर्वांत गार खोलीत. जून मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बाहेरची हवाच इतकी दमट की झाकण अर्धं उघडं ठेवावं, नाहीतर कूज. उलट जुलैत सज्जात नुसतं टांगून ठेवलेलं, पावसाची झड न लागणारं झाडही मूळ काढतं. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १५ अंशांच्या आसपास येतं आणि मुळांची वाढ जवळजवळ थांबते. तेव्हा डबा रात्री खिडकीपासून आत घ्यावा. २२ ते २८ अंशांत मूळ सर्वांत जोमानं येतं. मेमध्ये आलेल्या या झाडाला पुढचा पावसाळा मिळाला, हे त्याचं नशीब. दिवाळीनंतर आलेल्या झाडाला फार धीर धरावा लागतो.

मॉस कोरडं होऊ लागलं की बाजूनं थोडं पाणी. पाणी पावसाचं मिळालं तर उत्तम. पहिल्या दोन-तीन सरी छप्पर धुऊन जाऊ द्याव्यात आणि नंतरचं झाकून साठवावं. बोअरचं पाणी टाळावं, क्षारांचा पांढरा थर मुळांवर बसतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी काटकसर म्हणून झाडांना घालतात, ते तर ऑर्किडला नकोच, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर २०० पीपीएमच्या (लिटरला २०० मिलिग्रॅम) आतलं पाणी घ्यावं. आणि उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. ते मुळांवर घालू नये, सकाळी बादलीत भरून ठेवावं. समुद्री शेवाळाचा अर्क लिटरला १ मिली या प्रमाणात पंधरवड्यातून एकदा मॉसवर शिंपडता येतो. द्राक्ष-भाजीवाले वापरतात ती एनएएची, मुळं फुटायला लावणारी संजीवकं हाताशी असली तरी अंदाजे वापरू नयेत. एखादा थेंब जास्त झाला की मूळ फुटण्याऐवजी जळतं. किकी पेस्ट मिळते ती दांड्यावरचे डोळे फोडून पिल्लू काढण्यासाठी आहे, मुळांसाठी नाही.

खत अजिबात नाही. जिवंत मूळ नसताना मॉसमध्ये क्षार वाढवणं म्हणजे उरलेलं पाणीही बाहेर ओढणं.

गरम, दमट दिवसांत पहिलं मूळ सहा ते आठ आठवड्यांत दिसतं. ते कुठे येणार हे आधी कळतं: पानाच्या बुडाशी, खोडाला चिकटलेल्या आवरणाखाली तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा येतो, मग आवरण उभं फाटतं आणि चकचकीत हिरवं किंवा लालसर टोक बाहेर येतं. या झाडाच्या बाबतीत त्याआधीच हवेतल्या जुन्या मुळानं टोकाला नवी हिरवी वाढ दाखवली होती. जुनं मूळ पुन्हा चालू होणं ही सर्वांत पहिली चांगली खूण. ते टोक बोटांनी चाचपू नये. दुखावलं की तिथली वाढ थांबते. मागून फाटा फुटतो कधी कधी, पण आठवडे वाया जातात. पावसाळ्यात याच टोकांवर गोगलगाई आणि शेंबड्या ताव मारतात. एका रात्रीत टोक कुरतडलेलं दिसलं तर दुसरं कारण शोधू नये. रात्री नऊ-दहानंतर बॅटरी घेऊन कुंडीच्या तळाशी, डब्याच्या कडेखाली बघायचं आणि वेचून काढायच्या. मारायच्या गोळ्या मिळतात, पण मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना घातक असतात, घरात त्या नकोत. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसावा, दर आठवड्याला, नवीन दिसेनासा होईपर्यंत.

नवी मुळं चार-पाच सेंटिमीटर झाली की कुंडी. त्याआधी आठ-दहा दिवस झाकण रोज थोडं जास्त वेळ उघडं ठेवत जायचं. एकदम बाहेर काढलेलं झाड दोन दिवसांत पुन्हा मलूल होतं आणि लोकांना वाटतं कुंडीत काही चुकलं. कुंडी तीन किंवा चार इंची, पारदर्शक, तळाला आणि बाजूंना भोकं असलेली. भोकं कमी असतील तर तापवलेल्या सळईनं आणखी पाडावीत. माध्यम म्हणून पाइनची साल सर्वांत सोयीची, पण ती विकत मागवावी लागते. इथे सहज मिळतो तो लाकडी कोळसा आणि नारळाचं सोडण. सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करून आठवडाभर पाण्यात भिजवावेत, पाणी रोज बदलावं, तपकिरी रंग उतरेपर्यंत. त्यातले क्षार तसेच राहिले तर नव्या मुळांची टोकं काळी पडतात. कोळसा धुऊन, भुकटी काढून. दोन भाग कोळसा, एक भाग सोडण, आणि मधे मूठभर सैल मॉस. मॉसमध्ये जन्मलेली मुळं एकदम कोरड्या कोळशात गेली तर बिचकतात, त्यांच्याभोवती तेवढी ओल राहू द्यावी. पावसाळ्यात लावत असाल तर सोडण आणखी कमी करा. झाड काडीला बांधून घट्ट बसवावं. डुगडुगणाऱ्या झाडाची मुळं कुंडीच्या कडेला घासून दुखावतात.

पाणी वाराप्रमाणे नाही, मुळांच्या रंगाप्रमाणे. पारदर्शक कुंडीतून मुळं हिरवी दिसतात तोवर थांबायचं, चंदेरी झाली की सकाळी कुंडी दहा मिनिटं पाण्यात बुडवून पूर्ण निथळून घ्यायची. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी वेळ येते, जुलैत दहा-बारा दिवसांनीही येत नाही. शेंड्यात पाणी गेलं तर कागदाच्या टोकानं टिपून घ्यावं. आणि ती शोभेची कुंडी वापरायचीच असेल तर तळाला खडे घालून आतली कुंडी उचलून ठेवावी.

आता खत. १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विद्राव्य खत इथे सगळीकडे मिळतं. दुकानदार लिटरला ५ ग्रॅम सांगेल, कारण भाजीपाल्याच्या फवारणीला तेच प्रमाण चालतं. ऑर्किडला त्याचा दहावा भाग: लिटरला अर्धा ग्रॅम. त्यातून सुमारे ९५ पीपीएम नत्र मिळतं आणि ते पुष्कळ होतं. मुळं आधी साध्या पाण्यानं ओली करून मग, पंधरा दिवसांतून एकदा, आणि महिन्यातून एकदा नुसत्या पाण्यानं कुंडी धुऊन काढायची.

जुनी पानं पुन्हा ताठ होतील, पण सुरकुत्यांच्या खुणा बऱ्याचदा कायम राहतात. त्यावरून झाड सुधारलं नाही असं समजू नये. सुधारणेचा खरा पुरावा नवं पान. ते पहिलं पान आधीच्यापेक्षा लहान येईल, कधी त्याच्यावर आडव्या चुण्याही असतील. वाढ होत असताना पाणी कमी-जास्त झाल्याच्या त्या खुणा. दुसरं पान मोठं आलं की झाड मार्गी लागलं.

कोल्हापूरची नोव्हेंबर ते जानेवारीची थंडी फॅलेनॉप्सिसला दांडा काढायला लावते, दुबळ्या झाडालासुद्धा. रात्रीचं तापमान काही आठवडे २० अंशांच्या खाली राहिलं की ते होतं. त्यामुळे पावसाळ्यात वाचलेलं झाड त्याच हिवाळ्यात फुलायला निघालेलं दिसेल. दांडा आणि मूळ यांतला फरक टोकात असतो: मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत, दांड्याचं चपटं, एका बाजूला खाच असलेलं आणि वर वळणारं. झाडाला निदान चार ताठ पानं आणि पाच-सहा चालती मुळं नसतील तर तो दांडा दोन इंचांचा असतानाच कापावा. आमच्या या झाडालाही तो आला, आणि कापला. त्याची पानं तेव्हा तीनच होती.